वाचकांचे प्रश्न : दिव्यांग मुलांचे शिक्षण, कायदा कोणाचा आणि आदेश कोणाचा?

दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केल्यानंतर बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत एकच अडचण निरनिराळ्या शब्दांत मांडलेली आढळली. कायदा आहे, असे सगळेच सांगतात. पण शाळेत गेल्यावर मुख्याध्यापक नियम विचारतात, नियम दाखवला की कचेरीत परिपत्रक विचारतात, आणि परिपत्रक हाती आलेच तर ते कन्नडमध्ये असते. कायदा, नियम, आदेश आणि धोरण यांचे एकमेकांशी नाते काय, हे कोणी समजावून न सांगितल्यामुळे आपले पालक योग्य मागणी घेऊन चुकीच्या दारात ताटकळत उभे राहतात. म्हणून या वेळी मोजकीच पत्रे घेऊन त्यांना सविस्तर उत्तरे देत आहे. मुलांच्या खासगीपणाचा विचार करून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीत शिकतो. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे प्रमाणपत्र आम्हाला बेळगावातून मिळाले आहे. चंदगड तालुक्यात राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलालाही हाच त्रास असून त्याला तिकडे परीक्षेत सवलती मिळतात. बहिणीने दिलेला महाराष्ट्र शासनाचा निर्णय मी शाळेत नेला, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हा कागद इथे चालत नाही." ओळखीचे एक वकील मात्र म्हणतात की कायदा केंद्राचा आहे, तो सगळीकडे चालतो. दोघांपैकी बरोबर कोण? आणि कन्नड विषयातून सूट मिळू शकते का?
– एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, दोघेही बरोबर आहेत, आणि आपली पंचाईत नेमकी त्यामुळेच झाली आहे.

वकील ज्या कायद्याबद्दल बोलतात, तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि आपल्या मुलासारख्या मुलांचे त्यांत नावही नव्हते; नव्या कायद्यात एकवीस प्रकार आले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचणे, लिहिणे किंवा गणित शिकण्यात येणारी खास अडचण, हा त्यांतला एक आहे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला आणि तो पाळण्यासाठी संसदेने हा कायदा केला. संविधानाचे कलम २५३ आंतरराष्ट्रीय करार अमलात आणण्यासाठी साऱ्या देशाकरिता कायदा करण्याचा अधिकार संसदेला देते, मग विषय राज्यसूचीतला असला तरी. शिवाय शिक्षण हा विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात. तेव्हा दिल्लीचा कायदा खानापुरात चालतो का, ही शंका मनात ठेवूच नये.

आता मुख्याध्यापकांचे म्हणणे पाहू. या कायद्याचे कलम १७ असे सांगते की, विद्यार्थ्यांच्या गरजेप्रमाणे अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करावेत. उदाहरणादाखल जादा वेळ, लेखनिकाची सोय आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट ही तिन्ही त्यात स्पष्ट नमूद आहेत. परंतु हे कर्तव्य कायद्याने 'संबंधित शासना'वर टाकले आहे. चंदगडच्या शाळेपुरते संबंधित शासन महाराष्ट्राचे आणि आपल्या शाळेपुरते कर्नाटकाचे. विहीर एकच असली तरी मोटा दोन आहेत. बहिणीच्या मोटेचे पाणी तिच्याच पाटाने जाणार. महाराष्ट्राचा शासन निर्णय हा कलम १७ पाळण्यासाठी त्या सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेला आदेश आहे, तो खानापूरच्या मुख्याध्यापकांना बांधत नाही. त्यांना बांधतो तो कर्नाटकाचा आदेश, आणि दहावीच्या परीक्षेपुरते कर्नाटक शाळा परीक्षा व मूल्यनिर्णय मंडळाचे परिपत्रक. विशेष गरजा असलेल्या परीक्षार्थींना हे मंडळही सवलती देते. म्हणून आपण मागायला हवा होता तो बेंगळूरचा कागद, चंदगडचा नव्हे.

हे सांगताना एक गोष्ट तितक्याच ठामपणे लिहितो. आदेश नियमाच्या विरुद्ध असू शकत नाही, नियम कायद्याच्या विरुद्ध असू शकत नाही आणि कायदा संविधानाच्या विरुद्ध असू शकत नाही. कचेरीत नेमका उलटा व्यवहार चालतो, कारण कारकुनाच्या टेबलावर परिपत्रक असते आणि कायदा कपाटात असतो. मी विशेष शिक्षक म्हणून काम करीत असताना एका कचेरीत एका आईला केवळ एवढ्याचसाठी तीनदा परत पाठवलेले पाहिले की, तिच्या मुलाच्या प्रमाणपत्रावर चाळीस टक्क्यांपेक्षा कमी आकडा होता. मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत तिने सगळी कागदपत्रे जपून आणली होती आणि प्रत्येक वेळी ती एक-एक करून टेबलावर मांडत होती. चाळीस टक्के ही अट कायद्यात आहे, पण ती 'लक्षणीय दिव्यांगत्वा'साठी दिलेल्या ठरावीक लाभांपुरती आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, ज्याला लिहिण्यात खरीखुरी अडचण आहे त्याला चाळीस टक्के नाहीत एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांखालील परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या मुलाच्या प्रमाणपत्रावर आकडा कितीही असो, एवढ्यावरून कोणी परत पाठवले तर त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे.

आता कन्नडचा प्रश्न. कर्नाटकाच्या २०१५ च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने शाळांतून कन्नड शिकवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे केले आहे, त्यामुळे 'कन्नडला सूट नाहीच' असे काही शिक्षक मनापासून समजून चालतात. पण तो कायदा सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी आहे आणि भाषेतून सूट देण्याची तरतूद दिव्यांग मुलांच्या केंद्रीय कायद्यात नाव घेऊन केलेली आहे. दोन्ही एकत्र वाचायचे, तर सक्ती हा नियम आणि ज्या मुलाला दिव्यांगत्वामुळे ती झेपत नाही त्याच्यापुरता अपवाद, असाच अर्थ निघतो. कोणत्या अक्षमतेला किती भाषांची सूट आणि कोणत्या कागदावर, हे मात्र मंडळाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकावरून ठरते. म्हणून जुन्या परिपत्रकाची झेरॉक्स घेऊन कोणाशी वाद घालू नये.

सूट मिळू शकते म्हणून ती घ्यावीच, असे मात्र मी म्हणणार नाही. आपले पत्र पाहिल्यावर मला वाटते ते मोकळेपणाने लिहितो. आपण मुलाच्या मराठीच्या वहीतील एका पानाची प्रत जोडली आहे. त्या एका पानावर 'पावसाळा' हा शब्द 'पासवाळा', 'पावळसा' आणि 'पावसळा' असा तीन तऱ्हांनी लिहिला आहे आणि खाली लाल शाईने 'हलगर्जीपणा' असा शेरा आहे. हा हलगर्जीपणा नाही, ताई. ज्याला मायबोलीतला रोजचा शब्द लिहिताना अक्षरांचा क्रम धरता येत नाही, त्याच्यावर देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांचा भार एकदम पडला आहे. परंतु हाच मुलगा खानापूरच्या बाजारात कन्नड बोलत असेल, बसवाहकाशी बोलत असेल. उद्या त्याला याच राज्यात सरकारी नोकरीचा अर्ज करायचा झाला तर कन्नडचा प्रश्न पुन्हा समोर येईल, कारण ज्यांनी दहावीला कन्नड घेतलेले नसते त्यांना राज्याच्या लोकसेवा भरतीत कन्नडची वेगळी परीक्षा द्यावी लागते. दहावीच्या एकूण ६२५ गुणांपैकी ३२५ गुण तीन भाषांचे आहेत, हेही विसरून चालत नाही. त्यामुळे आधी जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणारा माणूस आणि शुद्धलेखनाचे गुण न कापणे एवढ्याने काम भागते का, हे आठवी-नववीच्या शाळेच्या चाचण्यांत पाहावे. त्यानेही मुलगा गुदमरत असेल, तरच भाषा सोडण्याचा निर्णय घ्यावा, आणि कोणती सोडायची ते त्याला विचारून ठरवावे.

दहावीची वाट पाहू नये. मुख्याध्यापकांना आजच लेखी अर्ज देऊन प्रमाणपत्राची प्रत जोडावी, मुलाची नोंद राज्याच्या विद्यार्थी नोंदणी प्रणालीत, म्हणजे ज्याला शाळेत 'सॅट्स' म्हणतात तिथे, विशेष गरजा असलेला विद्यार्थी म्हणून झाली आहे का ते विचारावे आणि प्रमाणपत्राची मुदत तपासावी. लहान वयात दिलेले अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र कायमचे नसते, पुढे पुन्हा तपासणी करावी लागते. ऐन परीक्षेच्या तोंडावर मुदत संपल्याचे कळणे, यासारखा दुसरा मनस्ताप नाही.

प्रश्न : आमच्या सरकारी मराठी शाळेत विशेष गरजा असलेली पाच मुले आहेत. तालुक्याच्या संसाधन केंद्रातून विशेष शिक्षक अधूनमधून येतात, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की एका मुलाला महिन्यातून तासभरही मिळत नाही. शिवाय ते कन्नडमधून शिकवतात. पालक मला धारेवर धरतात. विशेष शिक्षक नेमण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?
– एक मुख्याध्यापक, बेळगाव तालुका

उत्तर : गुरुजी, नेमणुकीची जबाबदारी आपली नाही, हे आधी स्पष्ट करतो. ती राज्य शासनाची आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठी प्रशिक्षित शिक्षक नेमणे हे शासनाचे काम म्हणून सांगितले आहे. पण किती मुलांमागे किती शिक्षक, हे त्या कलमात नाही. ते आले दुसऱ्या कायद्यातून, आणि तेही न्यायालयामुळे. सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात २०२१ साली विचारले की, शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सामान्य शिक्षकांचे प्रमाण ठरलेले आहे, तर विशेष शिक्षकांचे का नाही? त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने परिशिष्टात दुरुस्ती करून पहिली ते पाचवीसाठी दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवले. मार्च २०२५ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून भरण्याचे आदेश दिले.

आपल्या शाळेत पाच मुले आहेत, म्हणजे एक पूर्ण पद आपल्याला हक्काने मागता येणार नाही. अशा शाळांसाठी न्यायालयाने जवळच्या शाळांच्या समूहाला मिळून एक फिरता शिक्षक, ही सोय सांगितली होती, पण ती तात्पुरती, पुरेसे शिक्षक मिळेपर्यंतची. आपल्याकडे तीच तात्पुरती व्यवस्था कायमची होऊन बसली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. येणारे संसाधन शिक्षक बहुधा मेहनती असतात, काही जण तर स्वतःच्या दुचाकीवर साहित्याची पेटी बांधून फिरतात, त्यामुळे राग त्यांच्यावर काढू नये. आपल्या समूहातील सर्व शाळांतील दिव्यांग मुलांची बेरीज मांडावी, इयत्तावार मांडावी, आणि ती शाळा सुधारणा समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. एका शाळेची पाच मुले कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत, पण आठ शाळांची मिळून चाळीस झाली की प्रमाणाचा आकडा स्वतःच बोलू लागतो.

आता भाषेविषयी. संविधानाचे कलम ३५० अ, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, ते भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तोवर मातृभाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे. अंध, कर्णबधिर आणि दृष्टी व श्रवण दोन्ही गमावलेल्या मुलांना त्यांना सर्वांत योग्य अशा भाषेत आणि संवादाच्या पद्धतीत शिकवावे, हे दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या ज्या मुलाच्या घरात फक्त मराठी बोलली जाते, त्याच्यासमोर कन्नडमधून चित्रे ओळखायला सांगितली तर आपण त्याची बुद्धी तपासत नाही, त्याला न शिकवलेली भाषा तपासतो. त्या मुलाने 'मांजर' म्हणून बोट ठेवले असते, 'बेक्कु' ऐकून ते गोंधळले, आणि तपासणीच्या कागदावर शून्य लिहिले गेले, असे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून मूल्यमापनाच्या वेळी आपला वर्गशिक्षक शेजारी बसवावा. त्यासाठी कोणाच्या आदेशाची गरज नाही.

प्रश्न : आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, पण तिची समज उत्तम आहे. निपाणीतील एका खासगी शाळेने "आमच्याकडे तशी सोय नाही" म्हणून प्रवेश नाकारला. पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळेल का? तो नियम कर्नाटकात बंद झाला, असेही ऐकतो.
– वडील, निपाणी

उत्तर : आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवणे आपल्याच फायद्याचे आहे.

पंचवीस टक्क्यांचा प्रश्न शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १२ चा. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांचा समावेश 'वंचित गटातील बालक' या व्याख्येत झाला, म्हणून त्या जागांवर त्यांचाही हक्क आहे. पण कर्नाटकाने २०१९ मध्ये आपले नियम बदलले आणि शेजारच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेत या जागा भरण्याची गरज ठेवली नाही. उच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. निपाणीसारख्या गावात सरकारी शाळा जवळ असतेच, म्हणून या वाटेने फार आशा धरू नये. महाराष्ट्राने २०२४ मध्ये जवळपास असाच बदल केला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कोगनोळीचा नाका ओलांडला की त्याच एका केंद्रीय कायद्याचा अर्थ बदलतो, हे सीमेवर राहणाऱ्या माणसाला खटकणारच, पण आज स्थिती तशी आहे.

प्रवेश नाकारण्याचा प्रश्न मात्र पूर्ण वेगळा. फी भरून प्रवेश मागणाऱ्या मुलीला तिच्या दिव्यांगत्वामुळे नाकारणे हा भेदभाव आहे. दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ हे शासनाकडून अनुदान किंवा नुसती मान्यता मिळालेल्या सर्व शाळांना लागू आहे, आणि खासगी शाळेलाही मान्यता लागतेच. भेदभाव न करता प्रवेश देणे, इमारत वापरण्याजोगी करणे आणि मुलीच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी देणे, ही तिन्ही त्यात आहेत. 'सोय नाही' हे उत्तर कायद्याला मान्य नाही, कारण सोय करणे हेच कायद्याने सांगितले आहे. शाळेकडून नकार लेखी मागावा. बहुतेक वेळा लेखी मागितल्याबरोबर वर्ग तळमजल्यावर हलवण्याची तयारी दाखवली जाते. तरीही प्रवेश न दिल्यास निपाणी ज्या चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात येते तेथील शिक्षण उपसंचालकांकडे तक्रार करावी, बेळगावच्या उपसंचालकांकडे नव्हे. आपला महसूल जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन आहेत आणि चुकीच्या कचेरीत दिलेला अर्ज महिनामहिना फिरत राहतो. त्यापुढे राज्याचे दिव्यांग व्यक्ती आयुक्त आहेत. त्यांना चौकशीपुरते दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असून, त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कारवाई केली हे संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कळवावे लागते.

प्रश्न : आम्ही पुढील वर्षी बेळगावहून गडहिंग्लजला राहायला जाणार आहोत. मुलाचे दिव्यांग प्रमाणपत्र तिकडे पुन्हा काढावे लागेल का?
– एक पालक, हिंडलगा

उत्तर : नाही. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५८ प्रमाणे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य आहे आणि वैश्विक ओळखपत्रही राष्ट्रीय पातळीवरचेच आहे. ओळखपत्रावरील पत्ता तेवढा बदलून घ्यावा. परीक्षेच्या सवलती मात्र तिकडच्या मंडळाच्या नियमांनी नव्याने मागाव्या लागतील, म्हणून शाळा सोडण्याच्या दाखल्याबरोबर मुलाला आजवर कोणत्या सोयी दिल्या याचे मुख्याध्यापकांचे पत्र घ्यावे.

प्रश्न : नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कर्नाटकात लागू नाही, राज्याचे स्वतःचे धोरण येणार आहे, असे वाचतो. मग आमच्या मुलांना मिळणाऱ्या सोयी जातील का?
– एक शिक्षिका, येळ्ळूर

उत्तर : धोरण हा सरकारच्या इराद्याचा कागद असतो, त्याने कोणाला कोर्टात उभे करता येत नाही आणि त्याने कोणाचा कायदेशीर हक्क काढूनही घेता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने दिव्यांग मुलांसाठी नवा हक्क निर्माण केला नाही. ते २०१६ च्या कायद्याशी सुसंगत आहे, एवढेच त्यात म्हटले आहे. कर्नाटकाने २०२३ मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला आणि त्याने २०२५ मध्ये अहवाल दिला. त्यात तीनऐवजी दोन भाषांची शिफारस आहे. ती जशीच्या तशी अमलात आली तर आपल्या मराठी शाळांतील अध्ययन अक्षम मुलांचा भार हलका होऊ शकतो. पण त्या दोन भाषांत मातृभाषा म्हणून मराठीची जागा पक्की राहते की नाही, यावर आपल्या शिक्षकांनी लक्ष ठेवायला हवे. सोयींसाठी पैसा येतो तो धोरणातून नव्हे, समग्र शिक्षा या योजनेतून. तिच्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद धरलेली आहे आणि अशा मुलींना वेगळा भत्ता आहे. मुलाची नोंद प्रणालीत झालेली नसेल, तर हा पैसा त्याच्या नावावर येतच नाही. धोरणावरच्या चर्चेपेक्षा जूनमध्ये ती नोंद बिनचूक करणे हे शिक्षकाच्या हातातले मोठे काम आहे.

प्रश्न : नातू पंधरा वर्षांचा आहे, बहुविकलांग आहे, अंथरुणावरच असतो. तो चौदा वर्षांचा झाल्यावर घरी येणाऱ्या शिक्षकांनी येणे बंद केले. "वय संपले" म्हणतात.
– आजोबा, जांबोटी भाग

उत्तर : आजोबा, वय संपलेले नाही. शिक्षण हक्क कायद्यातली मर्यादा सहा ते चौदा वर्षे आहे आणि बहुविकलांग व तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्यायही त्याच कायद्यात आहे. म्हणून त्यांनी चौदाचा आकडा धरला असावा. पण दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३१ 'शिक्षण हक्क कायद्यात काहीही असले तरी' अशा शब्दांनी सुरू होते आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देते. दोन कायद्यांत वयाचा फरक पडला तर या शब्दांमुळे अठराच धरायचे. हे कलम अर्जात लिहून गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावे आणि गावातील ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला सोबत न्यावे. नातवाला अठरा पूर्ण होतील, तेव्हा त्याच्या वतीने सही कोण करणार हा प्रश्न येईल. बहुविकलांग व्यक्तीचे कायदेशीर पालकत्व राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून मिळते. तीन वर्षे म्हणजे फार दिवस नव्हेत, त्याची चौकशी आतापासून सुरू करावी.

प्रश्न : हे सगळे अर्ज आम्ही मराठीत दिले तर चालतील का? कचेरीत "कन्नडमध्ये लिहून आणा" म्हणतात.
– अनेक पत्रांतून

उत्तर : गाऱ्हाणे आणि माहितीचा अर्ज यांत फरक आहे. संविधानाचे कलम ३५० सांगते की, आपले गाऱ्हाणे दूर व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे करायचे निवेदन संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. सवलत नाकारली, शिक्षक येत नाहीत, प्रवेश दिला नाही, ही निवेदने मराठीत द्यावीत. ती घेणे अधिकाऱ्याला भाग आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच द्यावा लागतो, म्हणून तो कन्नडमध्ये लिहून घ्यावा. कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, दहा रुपये फी असते, आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. परीक्षा सवलतींचे चालू वर्षाचे परिपत्रक मिळवण्यासाठी हा अर्ज सर्वांत उपयोगी पडतो. कन्नडमधून आलेले उत्तर शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडे न्यावे. त्यांना संकोचाने विचारू नये. इतक्या वर्षांत असे एकही कन्नड शिक्षक मला भेटले नाहीत, ज्यांनी मुलाचा कागद वाचून दाखवायला नकार दिला.

मराठीतल्या प्रत्येक निवेदनाच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर तारीख, सही आणि कचेरीचा शिक्का घेऊनच परत यावे.